पंचगंगेच्या पातळीशेजारी समुद्राचं तापमान पण छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या पेपरात रोज राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी येते, राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते येतं, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे तर कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांना पण पाठ झालंय. माझी विनंती एवढीच आहे की त्याच चौकटीत अरबी समुद्राच्या पाण्याचं तापमान पण द्यायला सुरुवात करा. कोल्हापूरला समुद्र कुठाय असं कोणी म्हणेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मार्केट यार्डाजवळ आमचं खतं-औषधांचं दुकान आहे. ऊसवाले, भाजीपालावाले सगळे पिकासाठी सी-वीड एक्स्ट्रॅक्ट (समुद्री शेवाळाचा अर्क) नेतात, "शेवाळाचं टॉनिक द्या" म्हणतात. कॅनचं झाकण उघडलं की आत काळपट तपकिरी पाणी आणि खारट ओला वास, हातावर सांडलं तर साबणानं पण लवकर जात नाही. लेबल नीट वाचलं की बऱ्याच डब्यांवर एस्कोफायलम असं नाव दिसतं, हे शेवाळ उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर खडकाला धरून वाढतं, आयर्लंड, नॉर्वे, कॅनडा तिकडं. दुसरं नाव कप्पाफायकस, ते आपल्याकडं तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बांबूच्या तराफ्यांवर लावतात, त्यात बायकांचे बचत गट बरेच आहेत. २०१३ नंतर तिथं गरम पाण्यानं शेवाळ मरायला लागलं आणि उत्पादन धडाधड खाली आलं. म्हणजे समुद्र तापला की त्याची झळ आमच्या दुकानातल्या रॅकपर्यंत येते.

यावर वाचायला लागलो तेव्हा ऑस्ट्रेलियातले सागरी संशोधक थॉमस वर्नबर्ग आणि त्यांच्या टीमचं काम सापडलं, आणि खरं सांगतो, ते वाचून मन अस्वस्थ झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला पाण्याखाली केल्प नावाचं मोठं तपकिरी शेवाळ असतं, उसाच्या फडासारखं दाट, त्यात मासे, शेवंडी, शंख-शिंपले सगळे आसऱ्याला. २०११ च्या उन्हाळ्यात तिथं समुद्रातच उष्णतेची लाट आली, दहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ पाणी नेहमीपेक्षा २ ते ४ अंशांनी गरम राहिलं आणि केल्पचा पट्टा जवळपास १०० किलोमीटर मागं सरकला. पुढं पाणी थंड झालं तरी केल्प परत आलं नाही, कारण तोवर खडकांवर बारीक गवतासारखं शेवाळ पसरलं होतं आणि उष्ण भागातले शेवाळ खाणारे मासे तिकडं आले होते, ते नवीन कोंब वर येऊच देईनात. हे सगळं २०१६ ला सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. ते एवढं ठामपणे सांगू शकले कारण त्याच खडकांवर बुड्या मारून मोजायचं काम ही लाट यायच्या आधी कित्येक वर्षं चालू होतं. आधीचा आकडाच नसता तर काय गेलं ते कुणाला कळलं असतं?

आता आपल्याकडं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं सांगतायत की हिंदी महासागराचा पश्चिम भाग झपाट्यानं तापतोय, तिथं समुद्री उष्णतेच्या लाटा वाढल्यात. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात खूप मोठ्या भागावर एकदम कोसळणारा पाऊस तिप्पट झाला आणि त्याचं बाष्प अरबी समुद्रातून येतं, हे पण त्यांच्याच अभ्यासात आहे. २०१९ चा महापूर एकट्या समुद्रामुळं आला असं मी म्हणणार नाही, पण ज्या शहरानं तो पूर बघितला, २०२१ ला परत बघितला, त्या शहराला हा आकडा रोज दिसला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि शेवाळाचं म्हणाल तर ते आपल्या मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर पण आहे. पावसाळा संपला की ते वाढतं, ओहोटीला मालवणला गेलात तर सरगॅसम सहज दिसेल, तपकिरी पानं आणि मधे वाटाण्यापेक्षा बारीक हवेचे फुगे, बोटात दाबले की फुटतात. आपल्याकडं येणारी बांगडा-सुरमई याच किनाऱ्यावरनं घाट चढून येते. पण तिथलं पाणी या मे महिन्यात किती तापलं ते इथं कुणाला विचारा, सांगता येणार नाही, कारण ते कुठं वाचायलाच मिळत नाही.

हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी केंद्र समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि उष्णतेच्या लाटेची सूचना देतं, त्यामुळं तुम्हाला वेगळा बातमीदार नेमायला नको. रत्नागिरी-मालवणसमोरचं आजचं तापमान, नेहमीचं किती असतं आणि फरक किती, एवढ्या तीन आकड्यांची चौकट पुरे. पावसाआधी एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्र सगळ्यात गरम असतो, तेव्हा येत्या उन्हाळ्यापासून सुरू केलं तर फार बरं होईल.

आपला नियमित वाचक,
एक कृषी सेवा केंद्र चालक, कोल्हापूर