माननीय परिवहनमंत्र्यांना खुले पत्र: आखणीआधी निकष विचारा

माननीय परिवहनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वादग्रस्त मार्गाची जनसुनावणी होते तेव्हा आखणी ठरलेली असते, निविदाही तयार असते. लोकांसमोर एकच प्रश्न उरतो: हवं की नको? एकदा बाजू घेतली की ती सोडणं म्हणजे हरणं, त्यामुळे सहमतीची वाट तिथेच बंद होते.

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या रेल्वे स्थानकाबाबत 2010 मध्ये ज्येष्ठ राजकारणी हाइनर गाइस्लर यांच्या मध्यस्थीने जाहीर चर्चा झाली, पण काम सुरू झाल्यावर. पुढच्या वर्षी शेवटी सार्वमत घ्यावं लागलं. बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये 2009 च्या कौलात मतदारांनी नियोजित पूल नाकारला. सरकार, शहर आणि नागरिक गट यांचा करार झाला तो थेट 2017 मध्ये.

माझी मागणी एवढीच, की पर्याय दाखवण्याआधी प्रत्येक गटाला आपले निकष मांडू द्या. गणितज्ञ थॉमस साटी यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) या निर्णयपद्धतीत दोन-दोन निकषांची तुलना होते: वेळ वाचण्यापेक्षा आवाज कमी होणं किती महत्त्वाचं, 1 ते 9 मध्ये सांगा. उत्तरांतली विसंगतीही मोजता येते. आवाज वेळेहून मोठा, वेळ खर्चाहून मोठा आणि खर्च पुन्हा आवाजाहून मोठा, असं कुणी म्हणालं तर ते लगेच उघडं पडतं. (मंत्रालयातल्या बैठकांनाही ही कसोटी लावून पाहायला हरकत नाही.)

मात्र सगळ्यांची उत्तरं एकत्र करून सल्लागाराच्या अहवालात प्रत्येक पर्यायाला दिला जाणारा एकच 'एकूण गुण' मला धोक्याचा वाटतो. ज्याचं घर जाणार त्याचं नुकसान हजारो प्रवाशांच्या वाचलेल्या मिनिटांत सरासरीने विरघळून जातं. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात विकसित झालेल्या 'मॅम्का' पद्धतीत तसं होत नाही. रहिवासी, प्रवासी, मालवाहतूकदार, शासन, प्रत्येकाचे निकष आणि भारांक (कोणत्या निकषाला किती महत्त्व, त्याचे आकडे) वेगळे राहतात आणि निकाल शेजारी-शेजारी दिसतात. मग भांडण नेमकं कशावर आहे ते कळतं. सगळ्यांच्या यादीत तळाला असलेला पर्याय वादाविना गळतो. उरलेल्यांत कुणाचं काय जातं हे समोर असल्याने भरपाईची किंवा आखणी बदलण्याची बोलणी करता येतात.

'काहीच न करणं' हाही एक पर्याय म्हणून तपासा. भारांक थोडे हलवले तर क्रम बदलतो का, तेही छापा. बदलत असेल तर तो निर्णय गणिताचा नाही, आपला आहे, आणि तो आपल्या सहीने यावा.

पुढच्या प्रकल्पाची मोजणी सुरू होण्याआधी हे भारांक कोणता अधिकारी गोळा करणार, त्याचं नाव जाहीर कराल का?

आपला,
एक नागरिक