वाघांब्याच्या बाबांना, साल्हेरवरच्या रात्रीबद्दल

ती. बाबांना सा. न.

पत्ता म्हणून माझ्याकडे 'वाघांबे, ता. बागलाण' एवढंच आहे. पोस्टमन तेवढ्यावर आणूनही देईल, पण चष्मा लावूनसुद्धा अक्षर लागत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नात मोबाईलवर वाचून दाखवेल. तिला घाई असते, मधलं गाळू देऊ नका.

मी ती जानेवारीत एकटीच साल्हेरवर मुक्कामाला आलेली मुलगी. पाठीवर निळी सॅक होती, आणि आजींनी 'एवढं ओझं कशाला गं' म्हणून ती उचलून बघितली होती.

एकट्या बाईने गडावर रात्र काढायची म्हटलं की काय काय ऐकावं लागतं हे तुम्हाला सांगायला नको. घरच्यांचं 'नको' आठवडाभर चाललं होतं. ट्रेकवाल्या मित्रांचं उलटं. 'बिनधास्त जा, भारी वाटेल,' म्हणाले आणि विषय संपला. ताहाराबादहून पुढे येताना गाडीतल्या एका काकांनी तर बिबट्याच्या इतक्या गोष्टी ऐकवल्या की तालुक्यात माणसं कमी आणि बिबटेच जास्त असावेत. कुणी अडवत होतं, कुणी चढवत होतं. पण पाणी किती घेतलंस, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते तुम्ही विचारलंत. 'एकलीच का?' म्हणालात, मी हो म्हटलं, आणि त्या विषयावर तुम्ही पुढे एक शब्द काढला नाहीत. त्यानंतर सगळे कामाचे प्रश्न. पाणी किती? बॅटरी किती, एक का दोन? घरी कुठल्या वाटेने चढणार ते सांगितलंय का? उतरणार कुठून, इकडूनच की साल्हेरवाडीकडून? मी 'बघू, जमलं तर तिकडून' म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा मान हलवलीत. 'बघू नाही. एक ठरव आणि मला सांगून जा.' मी वाघांब्याकडूनच उतरेन असं ठरवलं, तेव्हा कुठे चहा पुढे आला.

मग काठीने अंगणात गड काढलात. साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या मधली खिंड, तिथून कातळाच्या कडेने जाणारी वाट, पायऱ्या, दरवाजे, कातळात खोदलेल्या गुहांची रांग, वर गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ, झोपायची गुहा आणि अगदी टोकाला परशुराम. माझ्या फोनमध्ये नकाशा होता, तो मी दाखवलाही. तुम्ही कौतुकाने बघितलात आणि पुन्हा काठी हातात घेतलीत. फोनमध्ये वाट होती, पण कुठल्या टाक्याचं पाणी प्यायचं आणि कुठल्यात फक्त हात धुवायचे, हे नव्हतं. पाणी उजेडातच भरून ठेव, अंधार पडल्यावर टाक्याकडे जायचं नाही, ती वेळ जनावरांची, हेही नव्हतं. जानेवारीत गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पडली तर डोंगर पेटेल, म्हणून बाहेर चूल मांडायची नाही, हेही नव्हतं. आणि आग्या मोहोळाचं! 'सेंट-बिंट लावला असशील तर आत्ताच धुऊन टाक,' असं म्हणालात तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खरंच हौदावर जाऊन मान आणि मनगटं धुतली.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला जास्तीची वाटली होती. अंधार पडायच्या बेताला, गाव दिसतं त्या कडेवर येऊन बॅटरी तीनदा उघडझाप करायची. खालून तुम्ही उत्तर देणार. मी 'बरं' म्हटलं ते तुमचा मान राखायला.

चढाईचं फार लिहीत नाही, तुमचं आयुष्य त्या वाटेवर गेलंय. एवढंच सांगते की कळसूबाई १६४६ मीटर आणि त्याखालोखाल साल्हेर १५६७, हे पाठ असणं वेगळं आणि खिंडीनंतरच्या पायऱ्यांवर पोटऱ्या भरून येणं वेगळं. मुल्हेर-मोरा हे किल्ले दिसायला लागले तेव्हा एका दरवाजात टेकून खालचं सपाट रान बघत बसले. १६७२ ची लढाई शाळेत परीक्षेपुरती वाचली होती. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर मोगलांच्या एवढ्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात भिडले, सूर्याजी काकडे इथेच पडले. वरून ते मैदान किती उघडं आहे ते दिसलं. लपायला झाड नाही की आडोसा नाही.

सांगितल्याप्रमाणे पाणी भरलं, गुहेत पथारी टाकली आणि कडेवर आले. तीनदा बॅटरी मारली. खाली दिवे लागलेले, त्यातला तुमचा कुठला ते कळेना. मग एका ठिकाणी एक दिवा विझला, लागला, विझला, लागला. तुम्ही तीनवर थांबला नाहीत. पाच-सहा वेळा तरी केलंत, मला चुकून दिसलं नसेल म्हणून.

बाबा, त्या रात्री वारा असा सुटला होता की गुहेच्या तोंडाशी कुणीतरी चालतंय असं सारखं वाटे. फोनला रेंज नव्हती. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण गुहेतून उठून पळावं अशी ती नव्हती, कारण मी कुठे आहे, सकाळी किती वाजेपर्यंत दिसायला हवी आणि नाही दिसले तर कुठल्या वाटेने शोधायला यायचं, हे खाली एका माणसाला नेमकं ठाऊक होतं. तेवढ्या आधारावर मी झोपले. एकटीने जायचं होतं ते एकटीनेच गेले. तुम्ही 'पोरगा देतो सोबत' म्हणाला असतात तर मला नाही म्हणता आलं नसतं, आणि आलेच कशाला असं वाटत राहिलं असतं. ते तुम्ही म्हणाला नाहीत, याचेच मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत.

पहाटे झुंजूमुंजू व्हायला परशुरामाच्या देवळाशी पोचले. तिथे उभं राहून परशुरामाने बाण मारला आणि समुद्र मागे हटून कोकण वर आलं, ही गोष्ट त्या उंचीवर कुणालाही पटावी. एका बाजूला मांगी-तुंगीची जोडी, समोर सालोटा, मावळतीकडे डांगचे डोंगर एकामागे एक. पादुकांवर तुमच्या वतीने फूल वाहायचं होतं, पण वर फूल कुठलं, वाळलेल्या गवताची काडी ठेवली. चालेल ना?

आता खिंडीतलं. उतरून आले तर तुम्ही तिथे दगडावर बसलेले. 'शेळ्या चारायला आलो होतो,' म्हणालात. दोनच शेळ्या होत्या, बाबा. त्यातली एक लंगडत होती. मी काही बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत. घरापर्यंत शेळ्यांचे भाव आणि कांद्याचे भाव एवढंच बोललो.

आजींची नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं यांचे आभार वेगळे मानायला हवेत. तीन भाकरी खाल्ल्या, चौथी वहिनींनी कागदात बांधून दिली, ती सटाण्याच्या स्टँडवर संपली.

राहता राहिली तक्रार. तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी ओट्यावर ठेवलेली नोट नातीच्या हाती परत पाठवलीत. त्या वेळी वाद घातला नाही, आता घालते. जुलै २०२५ मध्ये साल्हेरचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं, रायगड-राजगडाच्या पंगतीत. आता शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं येतील. त्यांतले निम्मे तुमच्या अंगणात पाणी मागतील, वाट विचारतील, जेवायचं बघा म्हणतील. फुकट खाऊ घालाल तर आजींची कंबर मोडेल. जेवणाचा दर ठरवा, वाट दाखवायचा वेगळा ठरवा, आणि नातीकडून खडूने दारावर लिहून घ्या. लाजायचं काहीच कारण नाही. भंडारदऱ्याकडच्या गावांत हे कधीचं चालू आहे आणि ट्रेकवाले खुशीने देतात. जे घासाघीस करतील त्यांना साल्हेरवाडीची वाट दाखवा.

थंडीत माझी मावसबहीण येणार आहे, तीही एकटीच. तिला तुमचा नंबर दिलाय आणि दोन बॅटऱ्या घ्यायला सांगितल्यात. तिच्याकडून पैसे घ्यायचे. नाही घेतलेत तर ती नोट डब्याखाली ठेवून येईल, तिला मी तसं शिकवलंय.

लंगड्या शेळीचं काय झालं ते कळवा.

तुमची,
निळ्या सॅकवाली