आई-बाबांना पत्र : नकाशावर थांबलेला ठिपका

पुणे,
रविवार, २० जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांना

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मुलांना घेऊन आम्ही गड चढतो त्यावरून गेल्या शनिवारी रात्री फोनवर आई जे बोलली, त्याला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. एकीकडे कुकर, दुसरीकडे धाकट्याचा अपूर्ण राहिलेला गृहपाठ आणि मध्येच कंपनीतून आलेला फोन, या गडबडीत 'अगं, नेटवर्क नव्हतं' एवढेच मी म्हणाले, आणि आईने ते 'टाळाटाळ' या सदरात टाकले, हे तिच्या 'बरं' वरूनच कळले. म्हणून हे पत्र. बाबांनीही मागून एक प्रश्न विचारला होता. त्याचेही उत्तर यात आहे.

आधी ठिपक्याचे सांगते. राजगडाला निघताना मी माझे लाइव्ह लोकेशन आईला पाठवले होते. सकाळी नऊच्या सुमारास तो ठिपका पाली गावाच्या अलीकडे येऊन थांबला आणि दुपार उलटून गेली तरी हलला नाही. आई, तू त्यावरून गाडी बंद पडली इथपासून ते दरीपर्यंत सगळे मनात आणलेस, देवापुढे दिवा लावलास आणि बाबांना जेवूही दिले नाहीस. पण तो ठिपका आकाशातून कोणी आमच्याकडे पाहून काढत नाही. फोन किंवा घड्याळ उपग्रहांचे नुसते ऐकते, उपग्रहांना काही कळवत नाही. आपण कुठे आहोत हे त्याला डोंगरातही कळते. मात्र ते तुझ्यापर्यंत पोहोचते मोबाइलच्या टॉवरमार्गे, आणि गडाच्या पोटात शिरले की टॉवर सुटतो. म्हणजे ठिपका थांबतो तो आम्ही थांबलो म्हणून नव्हे, तर तिथून पुढची बातमी तुला मिळत नाही म्हणून. त्या वेळी आम्ही पद्मावती माचीवर ढगात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. वाट पाली दरवाज्याची होती, रुंद आणि पायऱ्यांची. पावसाळ्यात मुलांना घेऊन चोर दरवाज्याच्या ओल्या कातळाला मी हात लावत नाही.

(अकरा तारखेला राजगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्याची बातमी आली आणि आमचे जाणे नेमके दुसऱ्या दिवशी होते, हा योगायोग. गाड्यांची रांग पाहून आनंद आणि धास्ती एकदमच वाटली.)

आता बाबांचा प्रश्न. 'तुमचं ते यंत्र किती चुकतं?' असे तुम्ही विचारलेत. उघड्या माळावर साधारण पाच मीटर. दोन्ही बाजूंना कडे असलेल्या नाळेत त्याहून बरेच जास्त, कारण तिथे आकाशाची एक पट्टीच दिसते आणि कड्यांवर आदळून आलेले संदेश वाढीव अंतर दाखवतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर तीनशे मीटरने बिघडते. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, पण मनगटावरच्या घड्याळाची वेळ तितकी अचूक नसते, म्हणून ती चूक काढून टाकायला चौथा लागतो. तेहतीस फुटांची शंकू साखळी आणि तिचे सोळा आणे घेऊन तुम्ही उभी हयात मोजणी खात्यात काढलीत, तेव्हा पाच मीटर ऐकून तुम्ही का हसलात ते मला समजते. बांधावर पाच मीटरची चूक झाली असती तर भावकीत कुऱ्हाडी निघाल्या असत्या! डोंगरात मात्र ही चूक चालते. पायवाट पाच मीटरवर असेल तर ती डोळ्यांना दिसतेच. खात्यात हल्ली वापरतात ते रोव्हर, म्हणजे मोजणीचे उपग्रह-यंत्र, जमिनीवरच्या कायमच्या स्थानकांशी ताडून सेंटिमीटरपर्यंत येते, पण ते गळ्यात अडकवून गड चढता येत नाही.

यंत्राच्या चुकीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती लोकांनी चढवलेल्या तयार ट्रॅकची. मोबाइलवरचा ट्रॅक म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कोणत्यातरी ऋतूत चाललेली वाट. उन्हाळ्यात मळलेली दिसणारी वाट श्रावणात कंबरभर गवताखाली जाते, आणि ढोरवाट तर नकाशावर हुबेहूब खऱ्या वाटेसारखीच रेघ काढते. म्हणून पायथ्याच्या गावात थांबून, चहा घेऊन, 'पुढं वाट हाय का?' हे विचारल्याशिवाय आम्ही निघत नाही. गुरे राखणाऱ्या एका आजोबांनी एकदा माझ्या हातातल्या फोनकडे पाहून विचारले होते, 'ह्यात घसारा दिसतो व्हय?' घसारा म्हणजे पाय घसरेल असा सुट्या मातीचा उतार. तो दिसत नाही.

आई, तुझ्यासाठी ठिपक्यापेक्षा उपयोगी अशी एक गोष्ट मी सुरू करते आहे. यापुढे निघण्याच्या आदल्या रात्री तुला एक चिठ्ठी येईल: कोणता गड, कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, बरोबर कोण, गावातल्या ज्या घरी जेवण सांगितले आहे त्यांचा फोन, आणि खाली उतरून मी तुला फोन करण्याची शेवटची वेळ. ती वेळ आमच्या अंदाजाच्या दोन तास पुढची असेल. त्याच्या आत काळजी करायची नाही. ती वेळ टळली तर आधी गावातल्या त्या घरी फोन, तिथूनही काही कळले नाही तर ११२. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी आपला कामधंदा सोडून रात्री-अपरात्री लोकांना डोंगरातून काढून आणतात. त्यांना शोध घेताना पहिल्यांदा हवी असते ती हीच माहिती. उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारी छोटी यंत्रे परदेशात मिळतात, तुझ्या भाच्याने अमेरिकेहून आणून देऊ का असेही विचारले होते. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तसली साधने बाळगता येत नाहीत, तेव्हा तो विषय मिटला.

भुशी धरणाचा उल्लेख तू केलास, आणि त्याबाबतीत मी तुझ्याशी अजिबात वाद घालणार नाही. गेल्या वर्षी ३० जूनला धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, ती चित्रफीत मीही पाहिली आणि नंतर बरेच दिवस ती डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊनही असू शकते, आणि घोट्याएवढे पाणी काही मिनिटांत कमरेला येते. यावर एकही उपकरण नाही. म्हणून पावसाळ्यात धबधब्याखाली भिजणे आणि वाहता ओढा ओलांडणे ही दोन्ही कामे आमच्याकडे बंद आहेत. धाकट्याने कितीही रडारड केली तरी बंद. तसेच आग्यामोहोळाचे. ज्या कड्यांना पोळी आहेत तिकडे अत्तर लावून जायचे नाही, धूर करायचा नाही, ओरडायचे नाही. 'मुलांना रानावनात कशाला' या तुझ्या प्रश्नात जे खरे भय आहे ते याच गोष्टींचे आहे, आणि ते मलाही आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. 'नोकरी, घर, दोन मुलं, त्यात हे' असे तू म्हणतेस. खरे सांगायचे तर चाकणला जाण्या-येण्यात रोजचे जे तीन तास जातात त्यांच्याविषयी तू कधी असे म्हणाली नाहीस. तुमच्या जावयांची पाळी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे आम्ही चौघे एका वेळी जागे आणि एकाच ठिकाणी असे फार थोडे वेळा असतो. त्यातून रविवारी पहाटे चारला उठून, उजाडता उजाडता आतकरवाडीतून सिंहगड चढायचा आणि गर्दी व्हायच्या आत खाली यायचे, हे आम्हाला जमते. अकराला मी घरी भाजी निवडत असते. मोठे गड वर्षातून थोडेच होतात, आणि थोरलीची परीक्षा असेल तर तेही होत नाहीत. चढताना मुले जे बोलतात ते घरी बोलत नाहीत. थोरलीला शाळेत एक मुलगी त्रास देत होती हे मला कळले ते सिंहगडाच्या दुसऱ्या टप्प्यावर, धाप लागलेली असताना, दोघींपैकी कोणीच दुसरीकडे पाहत नसताना.

पैशाचे म्हणशील, तर तुझ्या कल्पनेपेक्षा खर्च कमी आहे. पायात आहेत ते ॲक्शनचे काळे ट्रेकिंगचे बूट. अर्धा सह्याद्री त्यांवरच चढतो. महागडे रेनकोट मी घेतले नाहीत, कारण आपल्या पावसात आतून घामाने भिजायचे की बाहेरून पाण्याने एवढीच निवड असते. ड्रोन हवा म्हणून जावयांनी बरेच दिवस धोशा लावला होता. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, हे कारण मी आनंदाने पुढे केले. हेडटॉर्च मात्र चांगली घेतली आहे, चौघांना चार. हात मोकळे राहतात आणि तिच्यात लाल दिवाही आहे. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि पांढरा झोत एकदा डोळ्यांत गेला की सगळे पुन्हा पहिल्यापासून; मंद लाल उजेडात तसे फारसे होत नाही. जूनच्या तोंडावर राजमाचीला काजवे पाहायला गेलो तेव्हा तर तोही बंद ठेवला. नर चमकून मादीला खुणावतो, त्यात आपल्या मोबाइलच्या दिव्यांचे काय काम?

एकच वस्तू खरोखर महाग आहे, ती म्हणजे माझे घड्याळ, आणि ते बाबांनी एकदा हातात घेऊन पाहावे अशी माझी फार इच्छा आहे. त्यात वायुदाबमापक आहे. आपण सिंहगडासारख्या उंचीवर असतो तिथे दर नऊ मीटर चढले की हवेचा दाब साधारण एक मिलिबारने उतरतो; आतकरवाडीपासून माथ्यापर्यंतच्या सुमारे सहाशे मीटरच्या चढाला पासष्टेक मिलिबार. या हिशेबावरून ते उंची सांगते. पण हवामान बदलले तरी दाब बदलतोच, आणि चार मिलिबारचा फरक पडला की घड्याळ पस्तीस-चाळीस मीटर खोटे बोलते. म्हणून उंची ठाऊक असलेल्या ठिकाणी ते जुळवून घ्यावे लागते, जसे तुम्ही काम सुरू करण्याआधी हद्दीचा जुना दगड शोधून काढत होतात. याची दुसरी बाजू मला अधिक आवडते: आपण एका जागी बसलेलो असताना घड्याळ 'उंची वाढली' असे म्हणू लागले, तर उंची वाढलेली नसते, दाब पडत असतो. मे महिन्यात माथ्यावर जेवताना ते असे भराभर चढू लागले की मी डबे बंद करायला लावते. पश्चिमेकडे काळे दिसायच्या आधी ते सांगेलच असे नाही, पण दोघांचे एकमत झाले की वळीव चुकत नाही.

तुमच्या नातीचे वेड वेगळेच आहे. फोनवर पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवणारे ॲप तिने घेतले आहे. राजगडाच्या वाटेवर कोणीतरी पोरगे निवांत शीळ घालत चालले आहे असे धाकट्याला वाटले, आणि तो 'ओ दादा' म्हणून हाकाही मारू लागला. तो निघाला शीळकरी कस्तूर, पावसाळ्यात ओढ्याकाठी गाणारा. ॲपने नाव बरोबर सांगितले, तरी थोरलीने ते लगेच वहीत लिहिले नाही. तिचा नियम असा की पक्षी डोळ्यांनी दिसला तरच नोंद. नुसता ऐकू आला तर नावापुढे प्रश्नचिन्ह. काळा वाटणारा पक्षी खडकावर येऊन बसला, कपाळावरची निळी पट्टी क्षणभर चकाकली, तेव्हा कुठे तिने पेन्सिल काढली. हा काटेकोरपणा कोणाकडून आला ते मी सांगायला नको.

आता मुद्द्याचे. सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर कासला यावे. सांगलीहून तुम्ही साताऱ्याला या, आम्ही पुण्याहून येतो. तिथून पठार पंचवीसेक किलोमीटर आहे. चढ नाही, जांभ्या खडकाचा सपाट सडा आहे, आणि गाडी लावल्यावर पुढे न्यायला बस असते. तेरडा, गेंद, सोनकी, आणि सीतेची आसवे ही निळसर जांभळी फुले. ही वनस्पती मुळांसारख्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून खाते, हे ऐकून आई नाक मुरडणार, पण दहापट दाखवणारे छोटे भिंग मी तिच्यासाठी घेऊन ठेवले आहे आणि फुलाची चोच त्यातून पाहिल्यावर तिचे मत बदलेल. आमच्या सगळ्या उपकरणांत हे सर्वांत स्वस्त आहे. बाबांसाठी दुर्बीण ८ × ३२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची) मागवली आहे, माझ्यासारखी ८ × ४२ ची नाही; वयोमानाने डोळ्याची बाहुली अंधुक उजेडातही पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे मोठ्या भिंगाचा जादा उजेड वाया जातो आणि वजन तेवढे मानेवर पडते.

शनिवार-रविवार तिथे झुंबड असते, म्हणून मी शुक्रवारी, १२ सप्टेंबरला रजा टाकते. पितृपक्ष आहे हे माझ्या लक्षात आहे. आजोबांची तिथी त्या दिवशी येत नाही ना तेवढे आईने पंचांगात पाहून कळवावे, म्हणजे प्रवेशाचे बुकिंग करून टाकते. बाबांच्या गुडघ्यासाठी दोन काठ्याही घेणार आहे, पण त्यांची उंची जुळवावी लागते: पायात चपला घालून सरळ उभे राहायचे, कोपर काटकोनात वाकवायचे आणि तळहातापासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यायचे. ते आईने टेपने मोजून कळवावे, बाबांनी अंदाजाने सांगू नये.

तुमची,
ताई