बंबाचा फोटो बघून घाबरू नका

सिएटलजवळून,
16 फेब्रुवारी 2025

ती. आई व बाबांस,
शि. सा. न.

मावशीने दाखवलेला फोटो खरा आहे. आमच्या दारात आगीचे दोन बंब उभे होते. पण आग नव्हती आणि मला काही झालेलं नाही, हे आधी वाचा, मगच पुढे जा.

आईने दिलेले सुके बोंबील भाजत होते. खिडकी उघडायची राहिली, धूर छतावरच्या यंत्रापर्यंत गेला आणि सगळ्या इमारतीचे भोंगे एकदम सुरू झाले. रात्री साडेनऊला माणसं पोराबाळांना घेऊन थंडीत रस्त्यावर. खालची आजी वॉकर टेकत उतरली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिची माफी मागितली. शेगडीपासून ते यंत्र दहा फूट तरी लांब हवं, ते आता सरकवून घेतलंय. आई, बोंबील पाठवायचे बंद करू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलंत, दंड किती बसला. काही बसला नाही. पण बसू शकतो, हे तुम्हाला चमत्कारिक वाटलं म्हणून नीट लिहिते. इकडे बऱ्याच गावांत आपल्याच घराला चोराचा भोंगा लावायचा तरी नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. उगाच वाजला तर वर्षातला पहिला एखाद-दुसरा माफ, पुढे दर वेळी पैसे, आणि रक्कम चढत जाते. कारण भोंगा वाजला की पोलिसांनी धावायचं, आणि तिथे बहुतेक वेळा चोर नसतोच. घरचंच कोणी चुकीचा आकडा दाबतं, दार नीट लागलेलं नसतं, नाहीतर मांजर फिरतं. सिएटलमध्ये 2023 साली असे 13,000 फोन आले, त्यांत शंभरात चारसुद्धा खरे निघाले नाहीत. तोवर जो खरंच अडलाय तो वाट बघत बसतो. म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून तिथले पोलीस नुसत्या भोंग्यावर जात नाहीत. कॅमेऱ्यात दिसायला हवं, आवाज ऐकू यायला हवा, नाहीतर कोणी डोळ्यांनी बघितलेलं हवं. सॉल्ट लेक सिटीने तर हे 2000 सालीच केलं. पुष्कळ ठिकाणी भोंगेवाल्या कंपनीनेही पोलिसांना कळवण्याआधी दोन वेगळ्या नंबरांवर फोन करून विचारायचं असतं. आगीला मात्र असं थांबून चालत नाही. बंब येतातच, म्हणून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या इमारतीला आकार लावतात. आमची पहिलीच वेळ होती.

मला हा कायदा पटतो. दिवाळीत मी पडवीला कॅमेरा लावून घेतला ना, तेव्हापासून तीनदा माझा फोन वाजला आणि तीनदा मी शेजारच्या अण्णांना रात्री दोनला उठवलं. इथे तेव्हा भर दुपार असते. एकदा मांजर होतं, एकदा माडाचं चुडत पडलं होतं, एकदा बाबाच बाहेर निघाले होते. चौथ्यांदा अण्णांनी फोन घेतला नाही. त्यांना काय बोलू? या वयात ते काठी घेऊन अंधारातून गडगा ओलांडून आले होते. आता ठरवलंय, आधी आईचा फोन, मग बाबांचा, आणि दोघांनीही नाही घेतला तरच अण्णा. म्हणून रात्री फोन बंद करू नका. अण्णांना सांगा, यापुढे बाय उगाच उठवणार नाही.

वणव्याचे दिवस आलेत. काजूकडच्या कडेचं गवत काढून झालं का? धूर दिसला तर बाबांनी एकट्याने वर जायचं नाही. आधी वाडीला हाक मारायची.

कौलांचे साठ हजार उद्या पाठवते. मागच्या महिन्यात जमलं नाही, गाडीचा विमा आला होता. नोकरी नीट चालू आहे, कोणी काही सांगितलं तरी मनावर घेऊ नका. चिपळूणच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला वाटतो, मी नाही म्हणत नाही. पण बोलणी पुढे न्यायच्या आधी मला एकदा त्याच्याशी फोनवर बोलू द्या, आणि मी परत कधी येणार याची तारीख त्यांना माझ्या वतीने देऊ नका.

शिमग्याला येत नाही. पालखी घरी येईल तेव्हा आईने माझ्या नावाने ओटी भरावी. गेल्या वर्षीही मी हेच लिहिलं होतं, मला आठवतंय.

तुम्ही सकाळी सातला चहा घेऊन खळ्यात बसता तेव्हा माझी ऑफिसातून निघायची वेळ असते. फोन वाजतो, ‘पडवीसमोर हालचाल दिसली’. अण्णांचा त्रास संपावा म्हणून बाकीच्या सगळ्या सूचना कमी केल्यात. सकाळची तेवढी ठेवली आहे.

तुमची,
बाय