फ्रीटाऊनला असलेल्या लेकीला, सोलापूरहून

बाळा, प्रभूत सलाम.

काल त्या लहान पोरीच्या प्लास्टरचं सांगत होतीस आणि मधेच रेंज गेली. मग पप्पा झोपले तरी मी फोन हातात धरून बसले होते, परत लागला नाही. म्हणलं फोनवर सगळं अर्धवटच राहतं, सरळ लांबलचक टाइप करते, ड्युटी संपली की सावकाश वाच.

आधी एक सांगायचं राहिलंय ते सांगते. तू आफ्रिकेत सिएरा लिओनला, त्या हॉस्पिटलच्या जहाजावर वर्षभर मिशनला जाते म्हणलीस तेव्हा मला राग आला होता, भीती नव्हे, रागच. पगार नाही, तिकीट आपलं, हॉस्पिटलनं एवढी रजा दिली नाही म्हणून चांगली नोकरी सोडलीस, त्यात वय सव्वीस. मावशी तर तोंडावर म्हणली, पोरीचं लग्न करायचं सोडून जहाजावर काय पाठवलालीस. मी गप्प बसले कारण माझ्या मनात पण तेच होतं ग.

राग गेला तो त्या रविवारी. पाळकांनी तुला मंडळीपुढं उभं करून प्रार्थना केली, सगळे पाकिटं देत होते. तुला आठवतंय का माहीत नाही, तेलुगू उपासनेच्या आत्या मागून हळूहळू आल्या, त्यांच्या हातात पाकीट नव्हतं, पदराच्या गाठीत बांधलेल्या दहा दहाच्या नोटा होत्या, शंभर रुपये. रात्री मोजताना त्या नोटांना तंबाखूचा वास येत होता. दिवसभर मान खाली घालून हजार विड्या वळायच्या तेव्हा कुठं मजुरी हातात पडती, त्यातले शंभर. लहानपणापासून बायबलमधल्या गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन छोट्या नाण्यांची गोष्ट ऐकत आले, पण त्या वासानं मला रडू आलं. तेव्हाच कळलं की तू एकटी जात नाहीस, त्या आत्यांचे हात पण चाललेत तुझ्यासोबत.

तू गेल्यापासून एक नवीनच झालंय. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी पाय थांबतात. इतकी वर्षं तिथून जाते पण आता डोक्यात त्यांच्या आईचाच विचार येतो. आपल्या सोलापुरात जन्मलेला मुलगा, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर ऑपरेशनं करत राहिला, तिथलीच भाषा शिकला, तिथंच लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथंच गेला, 32 वर्षांचा. ते मिशन वेगळं, आपलं वेगळं, मला कळतंय. पण परक्या माणसाची जखम धुवायला घर सोडून जायचं हे काय फक्त आपल्या ख्रिस्ती लोकांचंच नाही, या गावाला ते माहीत आहे.

आणि आपल्याकडं आलेल्यांचं बघ की. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 साली मुंबईत उतरले तेव्हा जहाजानं यायला महिने लागायचे, घरी चिठ्ठी पोचायला पण महिने. आल्यावर त्यांना पहिल्यांदा मराठी शिकावी लागली. नंतर त्यांच्या मिशननं सोलापुरापर्यंत शाळा काढल्या, 1842 ला ज्ञानोदय हे नियतकालिक काढलं, कितीतरी जण इथल्याच मातीत पुरलेत. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही, इथल्या माणसाला कमी समजणारे पण त्यांच्यात होते. पण जे टिकले ते भाषा शिकून टिकले. तुझ्याकडं एकच वर्ष आहे, तेवढ्यात तू सिएरा लिओनला काही देऊन येशील यापेक्षा शिकून येशील हेच जास्त, असं मला वाटतं. म्हणून तू परवा तिथली क्रिओ भाषा बोलून दाखवलीस ना, "कुशे, हाऊ दि बॉडी", त्या दिवशी मला तुझ्या नर्सिंगच्या रिझल्टपेक्षा जास्त आनंद झाला.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगते, ऐक. पेशंट बेडवर पडलेला असतो तेव्हा तो दुबळा असतो, तो कुठल्या देवाचं नाव घेतो ते विचारू नको, मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, ड्रेसिंग सगळ्यांचं सारखंच. त्यानं स्वतः म्हणलं माझ्यासाठी प्रार्थना कर, तर हात धरून कर. सुवार्ता तुझ्या हातातून जाऊ दे. आणि तिथल्या लेकरांना कडेवर घेऊन फोटो टाकू नको. त्या लेकराला पण आई आहे, आपल्या लेकराचे वाकडे पाय जगानं बघावेत असं तिला वाटत नसणार. तुझ्या युथ ग्रुपमधल्यांना फोटो पाहिजे तर जहाजाचा टाक. 12 मजल्यांचं जहाज आणि त्यात 6 ऑपरेशन थिएटर हे ऐकून पप्पा अजून सगळ्यांना सांगत सुटलेत.

तिकडं शेंगदाण्याचा रस्सा भातावर घेतात म्हणलीस ते ऐकून जीव जरा भांड्यात पडला. म्हणजे उपाशी राहणार नाहीस. तुझी शेंगाची चटणी संपली असेल तर तो रस्सा करणाऱ्या बाईंना सांग, भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, आणि मिक्सर नको, उखळात कुटायचं, तेल सुटून गोळा व्हायला लागला की थांबायचं. त्यांच्याकडं उखळ असतंच म्हणतात. तू त्यांच्याकडून रस्सा शिकून ये.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली, या वर्षी मी गेलेच नाही. नाताळचा आकाशकंदील अजून तुझ्या खिडकीत तसाच लटकलाय, पप्पा काढू देत नाहीत.

आणि चादर. आत्या दर रविवारी विचारतात, पोरगी जेवती का, तिकडं थंडी पडती का. मी म्हणलं थंडी नाही हो, उकाडाच असतो. तर म्हणाल्या मग ती सोलापुरी चादर परत आणायला सांगू नका, कुणाला तरी देऊ दे. तर त्या प्लास्टरवाल्या पोरीला घरी सोडतील ना, तेव्हा तिला दे. चादर कुणी दिली ते तिला तिच्या भाषेत सांग, विड्या वळणाऱ्या एका आजीनं, असं.

आणि काल राहिलेलं सांग, ती पोरगी पाय टेकून उभी राहिली का? रविवारी फोन कर, इथले नऊ म्हणजे तुझे साडेतीन, त्याच्यापुढं उशीर करू नको, पप्पांचा डोळा लागतो.

तुझी मम्मी