पू न होणारी जखम आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉम्बे’ या दुर्मीळ रक्तगटाची बातमी आली की चर्चा दात्याच्या शोधापाशीच थांबते. या रक्तगटाचा जखम भरण्याशी क्वचित येणारा, पण बाळाच्या जिवावर बेतणारा संबंध असतो. त्याबद्दल हे पत्र.

जखम झाली की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने दिसू लागतात. पी-सिलेक्टिन पेशीत आधीच साठवलेले असते, ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन नव्याने तयार व्हावे लागते, त्याला काही तास जातात. वेगाने वाहणाऱ्या श्वेतपेशींवरची फ्युकोज (एक साखर) आणि सियालिक आम्ल असलेली शर्करा-साखळी ही प्रथिने पकडतात. पकड सैल असते, म्हणून पेशी थांबत नाही. अस्तरावरून गडगडत तिचा वेग कमी होतो. मग तिच्यावरची इंटिग्रिन नावाची प्रथिने तिला अस्तराशी घट्ट धरतात आणि ती वाहिनीबाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचते. पी आणि ई ही दोन्ही सिलेक्टिन नसलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात. पुढे कातडी जुळतानाही अशीच, शर्करा पकडणारी प्रथिने लागतात. उंदरांच्या डोळ्याच्या पारपटलावरील जखमेत गॅलेक्टिन-३ पेशींना पुढे सरकायला मदत करते. तिथे लॅक्टोज घातले की ते गॅलेक्टिनची शर्करा पकडण्याची जागा अडवते आणि जखम मिटणे मंदावते. सुक्रोजने तसे होत नाही.

आता रक्तगटाकडे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत वर्णन केलेल्या या गटात रक्तपेशींवर एच प्रतिजन (‘ओ’सह इतर सर्व गटांत असणारी शर्करा-खूण) नसतो. तो फ्युकोज जोडूनच बनतो. नेहमीच्या ‘बॉम्बे’ गटात फक्त एचसाठी फ्युकोज जोडणारी विकरे बिघडलेली असतात. श्वेतपेशींवरची साखळी बनवणारी विकरे वेगळी, ती शाबूत असतात. त्यामुळे या लोकांच्या जखमा इतरांसारख्याच भरतात. त्यांनी घाबरण्याचे काहीच कारण नाही.

पण फ्युकोज गॉल्जी पिंडात (पेशीतील शर्करा-साखळ्या बनण्याच्या जागी) नेणारा वाहकच जन्मतः बिघडला, तर दोन्ही साखळ्या जातात. हाच ‘ल्युकोसाइट अ‍ॅड्हीजन डेफिशियन्सी’चा (श्वेतपेशी अस्तराला नीट चिकटू न शकण्याच्या जन्मजात आजाराचा) दुसरा प्रकार. बाळाला वारंवार जंतुसंसर्ग होतो, पण जखमेत पू धरत नाही. संसर्ग नसतानाही श्वेतपेशी कित्येकदा २० हजारांच्या वर राहतात. वाढ आणि बौद्धिक विकास मागे पडतो, पुढे हिरड्या खराब होतात. पू नाही म्हणजे जखम स्वच्छ, असे समजणे इथे घातक ठरते: श्वेतपेशी रक्तात भरपूर, जखमेत मात्र पोहोचत नाहीत.

अशा बाळाचा रक्तगट नुसत्या पुढच्या तपासणीत (रक्तपेशींवरचे ए आणि बी प्रतिजन पाहणाऱ्या) ‘ओ’ दिसतो. म्हणून युलेक्स या झुडपाच्या बियांतील लेक्टिनने एच प्रतिजन तपासावा. (हे लेक्टिनही शर्करेला चिकटणारे प्रथिनच.) प्रतिजन नसो वा असो, तिथेच न थांबता ईडीटीए नळीतील ताज्या रक्तावर फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीने) सीडी१५एस, म्हणजे श्वेतपेशींवरची ती साखळी, आणि सीडी१८, म्हणजे इंटिग्रिनचा एक भाग, पाहावे. सीडी१५एस नाही आणि सीडी१८ आहे, तर दुसरा प्रकार. सीडी१८ कमी, तर पहिला. पहिल्या प्रकारात रक्तगटाचा काही संबंध नसतो आणि बाळाची नाळ गळून पडायला बऱ्याचदा तीन आठवड्यांहून अधिक लागतात. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांवर काम चालते.

दुसऱ्या प्रकारातील काही रुग्णांना तोंडाने फ्युकोज दिल्यावर श्वेतपेशींवरची साखळी परतली आणि संसर्ग घटले. सगळ्यांना तो लागू पडत नाही. शिवाय एच प्रतिजन परतला, तर शरीरातलीच प्रति-एच (एच प्रतिजनाविरुद्धची) प्रतिपिंडे रक्तपेशी फोडू शकतात. तेव्हा ही साखर घरच्या घरी, पूरक आहार म्हणून कुणी बाळाला देऊ नये.

आणि ‘ओ’ समजून अशा बाळाला साधे ‘ओ’ रक्त चढवले, तर तीच प्रतिपिंडे ते रक्त फोडू शकतात. रक्तपेढीत उलट तपासणी (रुग्णाच्या रक्तद्रवात माहीत असलेल्या गटाच्या पेशी मिसळून) करताना ‘ओ’ पेशी वापरायलाच हव्यात. त्या गुठळल्या की पिशवी रोखावी.

आपला,
रक्तविज्ञान क्षेत्रातील एक वाचक, मुंबई