झाडांचा ऑक्सिजन आणि पाचोळ्याचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पर्यावरणाची तोंडओळख करून देणारा लेख आला होता तो वाचला. भाषा सोपी आहे, चित्रं चांगली आहेत, पोरांना समजेल असं आहे सगळं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात परत तेच वाक्य, की ॲमेझॉनचं जंगल जगाला 20 टक्के ऑक्सिजन पुरवतं म्हणून ते पृथ्वीचं फुप्फुस. ऑगस्ट 2019 मध्ये तिकडे आगी लागल्या तेव्हा फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी सुद्धा हेच ट्विट केलं होतं, त्यामुळे एकट्या तुमच्या लेखकाला काय बोलणार. तरी पण हे चूक आहे आणि नुसता आकडा चुकलाय असंही नाही, इकोसिस्टिम (झाडं, प्राणी, सूक्ष्मजीव, माती, हवा यांची मिळून चालणारी व्यवस्था) चालते कशी हेच त्यातून उलटं डोक्यात बसतं, म्हणून लिहितोय.

झाड उन्हात प्रकाशसंश्लेषण करतं, कार्बन डायऑक्साइड घेतं, ऑक्सिजन सोडतं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीने 1771 मध्ये बंद काचेच्या भांड्यात पुदिन्याची फांदी ठेवून बघितलं की विझलेली मेणबत्ती काही दिवसांनी त्याच हवेत परत पेटते. पण 1779 मध्ये इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टरने पुढचं दाखवलं ते कुणी सांगत नाही: हे फक्त उजेडात होतं, अंधारात तीच पानं हवा खराब करतात. म्हणजे झाडही श्वास घेतं, आणि रात्रीच नाही, दिवसा पण घेतं, मुळं घेतात, खोड घेतं, फक्त उन्हात बनणारा ऑक्सिजन जास्त असल्यामुळे ते आपल्याला दिसत नाही.

आता ॲमेझॉनचं बघा. ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ यदविंदर माल्ही यांनी 2019 मध्येच हिशोब मांडला होता की जमिनीवरच्या सगळ्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण 16 टक्के तिथे होतं, समुद्र धरला तर 9 टक्क्यांच्या आसपास. पण हा झाला पगार, शिल्लक नव्हे. त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्सिजन झाडं स्वतःच्याच श्वसनात खर्च करतात आणि उरलेला जवळपास सगळा जातो खाली जमिनीवर, पाचोळ्यात. पानं गळतात, फांद्या पडतात, मेलेली झाडं कुजतात, आणि ते कुजवणारी बुरशी, बॅक्टेरिया, वाळवी हे सगळे त्यासाठी ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड परत हवेत सोडतात. जंगल जितकं जुनं आणि स्थिर तितकं हे खातं शून्याच्या जवळ. समुद्रातल्या शेवाळाचं पण तेच, "निम्मा ऑक्सिजन समुद्रातून येतो" असंही आपण वाचतो, बनतो हे खरंय पण बराचसा तिथेच संपतो.

मग हवेत हा 21 टक्के ऑक्सिजन आला कुठून? तर जे थोडंसं कुजायचं राहून गेलं त्यातून. दर हजार भागांतला एखादा भाग सेंद्रिय पदार्थ चिखलात, समुद्राच्या तळाशी गाडला जातो, तिथे त्याला कुणी कुजवत नाही, आणि तो बनताना सुटलेला ऑक्सिजन मग हवेत शिल्लक राहतो. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियामुळे (उन्हात ऑक्सिजन बनवणारे सूक्ष्मजीव) हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन साठायला लागला, पुढे 30-36 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा कोळसा झाला, अशी कोट्यवधी वर्षांची ही जमा आहे. उद्या सगळी जंगलं जळाली तरी आपण गुदमरून मरणार नाही (इतर कारणांनी मरू, ती पुढे सांगतो). हे काही माझं धाडस नाही, वॉलेस ब्रोकर नावाच्या शास्त्रज्ञाने 1970 मध्येच 'सायन्स' मध्ये लिहिलं होतं की ऑक्सिजनची काळजी सोडा, तो भरपूर आहे.

नुसती हिरवळ असली की ऑक्सिजन आपोआप पुरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेत ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर 2' ची गोष्ट वाचावी. 3 एकरांहून थोडी जास्त काचेची बंद वास्तू, आत छोटं जंगल, गवताळ भाग, छोटा समुद्र, शेती, सगळं. सप्टेंबर 1991 मध्ये 8 माणसं आत राहायला गेली आणि दारं बंद झाली. झाडं मस्त वाढत होती पण ऑक्सिजन उतरायला लागला, 20.9 टक्क्यांवरून घसरत घसरत जानेवारी 1993 पर्यंत साधारण साडेचौदा टक्क्यांवर आला, म्हणजे 4,000 मीटर उंचीवर राहिल्यासारखं, माणसं थकायला लागली, झोपेत दम लागायला लागला, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण काय निघालं, तर शेती चांगली व्हावी म्हणून माती भरपूर सेंद्रिय खताची टाकली होती, त्यातले सूक्ष्मजीव झाडं बनवत होती त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन खात होते. आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी बराचसा भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे त्यातला ऑक्सिजन पण तिथेच अडकला. मला विचाराल तर इकोसिस्टिम शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. पुस्तकात विघटकांना, म्हणजे या कुजवणाऱ्या जीवांना, शेवटच्या ओळीत उरकतात, इथे सगळा खेळच त्यांनी फिरवला.

आता मुद्दा असा की चुकीच्या कारणाने जंगल वाचवायला निघालं तर काय बिघडलं, जंगल वाचतंय ना? बिघडतं. कारण मग चुकीचा आकडा बघितला जातो. हवेच्या दर दहा लाख भागांत ऑक्सिजनचे 2 लाख 9 हजारांवर भाग आहेत. आपण कोळसा-पेट्रोल जाळतो त्याने दरवर्षी त्यातले साधारण 4 कमी होतात, राल्फ कीलिंग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ हे मोजतात. 2 लाखांत 4, कुणाच्या लक्षात पण येणार नाही. पण त्याच जळण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ज्या खात्यात पडतो ते खातं मुळात छोटं, उद्योग सुरू व्हायच्या आधी दर दहा लाखांत 280, त्यांच्या वडिलांनी म्हणजे चार्ल्स कीलिंगनी 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला घेतलं तेव्हा 315 च्या आसपास, आणि आता 420 च्या वर. म्हणजे दीडपट! एकच आग, एका बाजूला काहीच फरक नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळं हवामान हललंय.

आणि जंगलाचं काम इथे आहे. खोडांत, मुळांत, मातीत त्याने कार्बन धरून ठेवलाय, जाळलं की तो मोकळा. शिवाय ॲमेझॉनवर पडणारा बराच पाऊस झाडांनीच पानांतून परत हवेत सोडलेल्या वाफेचा असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे तेच पाणी पुन्हा पुन्हा पडतं, म्हणजे एका टोकाला झाडं तोडली की दुसऱ्या टोकाचा पाऊस घटतो. आणि ज्ञात प्रजातींपैकी साधारण दहावा हिस्सा तिथे राहतो ते वेगळंच. एवढी खणखणीत कारणं हातात असताना ऑक्सिजनचं तुणतुणं कशाला वाजवायचं कळत नाही.

एक विनंती. त्या लेखासोबतच्या चित्रात झाडातून फक्त वर जाणारे बाण काढलेत, "ऑक्सिजन" लिहून. पुढच्या भागात चित्र परत छापणार असाल तर झाडाकडे येणारा ऑक्सिजनचा बाण काढा, आणि खाली पाचोळा, बुरशी, वाळवी दाखवून तिकडे जाणारा जाड बाण पण काढा. जागा लागत असेल तर कोपऱ्यातलं हसरं फुप्फुस काढून टाका.

आपला,
एक नियमित वाचक